पहिल्या बांधाचं बोलावणं

आमच्या घळीत सतरा बांध आहेत. डोंगराच्या खांद्यापासून ते आमच्या ऐन तर्फा गावाच्या वेशीपर्यंत, एकाच्या पायाशी दुसरा, असे उतरत येतात. पाऊस इथं वर्षातून चार-पाचदा पडतो, आणि पडतो तेव्हा राग काढल्यासारखा पडतो. वरच्या बांधानं पाणी अडवायचं, माती ठेवून घ्यायची, आणि उरलेलं पाणी दगडी सांडव्यावरून खालच्याला द्यायचं. खालच्यानं तसंच त्याच्या खालच्याला. बांधामागे साठलेल्या मातीत आमची ऑलिव्हची झाडं आणि अंजिरं, आणि पाऊस बरा झाला तर थोडी बार्ली. हे बांध आजोबांच्या आजोबांनी घातले असं सगळे अभिमानानं सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं, नीट आम्हाला ठेवावे लागतात.

मी बेलगासम. बाप गवंडी होता, मीही गवंडी. घर कुणीही बांधतो, पण घळीतला सांडवा बसवणं हे आमच्याच घरचं काम, आणि माझा बाप ते दुसऱ्या कुणाला शिकवत नसे. चांगलं केलं नाही त्यानं, हे आता कळतं.

जवान माणसं शहरात गेली, फ्रान्सला गेली, आणि बांध उघडे पडले. उंदरांनी बिळं केली, सांडव्यांचे दगड निसटले. गेल्या थंडीत एकाच लोंढ्यात मधले तीन बांध वाहून गेले. तेव्हा म्हातारा हाजी अम्मार मशिदीच्या भिंतीशी उन्हात सगळ्यांना घेऊन बसला आणि ठरलं की घळ एकाची नाही, सगळ्यांची आहे. बांध कुणाचाही असो, सगळ्यांनी मिळून सतराही उभे करायचे. आणि वरून सुरुवात करायची. वरचा कच्चा राहिला तर खालची सगळी मेहनत चिखलात जाते, हे सांगायला गवंडी लागत नाही.

अशा कामाला आमच्याकडे रगाता म्हणतात, म्हणजे सगळ्या गावानं मिळून एकाचं काम उरकणं. त्याची रीत अशी की ज्याचं काम असेल त्यानं स्वतः दारोदार जाऊन बोलावणं करायचं, पहिला दगड आपल्या हातानं ठेवायचा, आणि दुपारचं जेवण त्याच्याकडचं. न बोलावता दुसऱ्याच्या बांधाला हात लावला, तर हा झाडांत वाटा मागायला आलाय असंच धरतात. त्यावरून आमच्याकडे सख्ख्या भावांची डोकी फुटली आहेत. जे बाहेरगावी होते त्यांनी फोन करून हो म्हटलं आणि त्यांच्या वतीनं बहीण, भाऊ, कुणीतरी दारोदार फिरलं. महिन्याभरात सोळा बांधांचं जमलं. राहिला तो सगळ्यांत वरचा, पहिला. तो लसादचा.

लसाद माझा जोडीदार. एकाच वर्षी जन्मलेले आम्ही. सहा वर्षांपूर्वी तो समुद्रापलीकडे गेला. मागे त्याची आई, मबारकामावशी, एकटी. तिचा नवरा मरण्याआधीच बांध मुलाच्या नावावर करून गेला होता.

हाजी अम्मार साखरेचा पुडा घेऊन तिच्याकडे गेला, बरोबर आम्ही चौघं. तिनं चहा उकळला, तीनदा पेले भरले, हाजीच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्याच्या सुनेला नावं ठेवली. बांधाचा विषय निघाल्यावर मात्र तिनं पेला खाली ठेवला.

"बोलावणं मालकानं करायचं असतं," ती म्हणाली. "मालक जिवंत आहे."

"तू आई आहेस त्याची, मबारका. त्याच्या वतीनं तू कर."

"बाकीच्यांनी फोन करून स्वतः सांगितलं, तेव्हा त्यांच्या वतीनं कुणी फिरलं. लसादनं मला काही सांगितलेलं नाही. न सांगता आई फिरते ती मेलेल्या मुलाच्या वतीनं, आणि तसलं बोलावणं मी करणार नाही." मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचारा. लसादचा निरोप येतो तो ह्याच्याकडेच येतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाचावर धारण बसली.

कारण लसाद मेला होता. सहा वर्षांपूर्वीच, माझ्या डोळ्यांदेखत. आणि हे गावात फक्त मला माहीत होतं.

नावेत आम्ही सव्वीस जण होतो, आमच्या गावचे दोघंच. निघून चार तास झाले नसतील, तर तळातून पाणी यायला लागलं. नाव उलटल्यावर आम्ही दोघांनी डिझेलचा एक रिकामा डबा धरला, एका बाजूनं तो आणि दुसऱ्या बाजूनं मी. बराच वेळ तो माझ्याशी बोलत होता. नंतर बोलेनासा झाला, आणि नंतर त्याच्या बाजूचा डबा हलका झाला. मला कोळ्यांनी वर काढलं. तिसऱ्या दिवशी मी गावात आलो तेव्हा मबारकामावशी रस्त्याच्या वळणावरच उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "लसाद?" आणि मी म्हटलं, "पोचला."

का म्हटलं, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. तिच्या तोंडाकडे पाहून खरं बोलायला जीभ वळली नाही, एवढंच. वाटलं, आज नको, उद्या सांगू. पण उद्या तिनं शेजारपाजारच्यांना खजूर वाटले होते. मग त्या एका शब्दाला रोज खाऊ घालावं लागलं. तो गेला तर मी परत कसा आलो? म्हणून सांगितलं की किनाऱ्यावर मला भीती वाटली आणि मी मागे फिरलो. गावानं ते हसतहसत मानलं. तेव्हापासून मी टाक्यात बादली सोडली की कुणीतरी म्हणायचंच, "जपून रे गासम, पाणी आहे त्यात." मग सांगितलं की लसादकडे कागदपत्रं नाहीत, म्हणून तो फोन करत नाही, नंबर बदलत राहतो, एका ओळखीच्याकडे निरोप ठेवतो. टोमॅटोच्या मळ्यात काम आहे, मग गोदामात आहे, मग पाठ दुखते पण बरी आहे. हे सगळं मी तिच्या अंगणात बसून हसऱ्या तोंडानं सांगत आलो.

जिथून आमची नाव निघाली, समुद्रकाठच्या त्या गावात परक्यांचं एक कबरस्तान आहे. लाटांनी आणून टाकलेल्यांना तिथं नंबर घालून पुरतात. कितीतरी आया ओळख पटवायला तिथं जाऊन रक्त देऊन आल्या. जुळलं तर नंबराच्या जागी नाव लागतं. आमच्या गावची सालहा तिथं जायला निघाली तेव्हा मबारकामावशीला म्हणाली होती, चल माझ्याबरोबर. मावशी म्हणाली, मी कशाला येऊ, माझा पोचलाय. मी तिथंच भिंत लिंपत होतो. मी लिंपत राहिलो.

तर आता सगळं गाव माझ्या मागे लागलं, लसादला फोन लाव. आज लागत नाही, उद्या लागेल, असं म्हणत मी महिने काढले. मिलूद म्हणून एक आहे, घळीतला तिसरा बांध त्याचा, तोंडाचा फाटका पण मनाचा साफ. तो रोज वाटेत अडवायचा.

"काय रे, पाण्याला भितोस ते ठीक. फोनलाही भितोस का?"

उन्हाळा संपत आला तेव्हा हाजी अम्मारनं हात टेकले आणि दुसऱ्या बांधापासून काम सुरू करायला सांगितलं, पहिल्याचं पुढे बघू म्हणून. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत आम्ही नवी माती चढवली, सांडवे मी बसवले. इतकं चांगलं काम गावानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. बायका घमेली उचलत होत्या, भांडणारी घरं एका ताटात जेवत होती, मिलूद गाणी म्हणत होता आणि ती वाईट म्हणत होता. आणि वर मान करावी तर पहिला बांध, मधोमध खचलेला, सांडव्याचे दगड सुटलेले. पहिल्या मोठ्या पावसात तो फुटणार आणि हे सगळं घेऊन जाणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. सगळे मधूनमधून माझ्याकडे बघायचे.

शेवटी मी ठरवलं, एक खोटं आणखी. सहा वर्षं ज्याच्या नावानं निरोप दिले, त्याच्या नावानं हा एक. निदान ह्यानं घळ तरी वाचेल. मला ते पुण्याचं कामसुद्धा वाटायला लागलं होतं, काय सांगायचं.

दुपारी मी तिच्या अंगणात गेलो. ती बार्लीचं पीठ चाळत होती.

"मावशी, लसादनं हो म्हटलंय. काम सुरू करा म्हणाला."

चाळणी थांबली. "तू बोललास? तू स्वतः?"

"हो."

तिनं हात पुसले, मला बसवलं, आतून सुकी अंजिरं आणून समोर ठेवली. मग विचारत सुटली. आवाज बारीक झालाय का? खोकला गेला का त्याचा? माझं काही विचारलं? मी सगळ्याला हो आणि चांगलं म्हणत होतो. सवय झाली होती. तिचं तोंड असं उजळलं होतं की मला बघवत नव्हतं, म्हणून मी अंजिराकडे बघत होतो.

"आणि तेल मिळालं ना त्याला?" ती म्हणाली. "काय म्हणाला? आपल्या बांधावरचं आहे ते ओळखलं का?"

दोन वर्षांपूर्वी तिनं पहिल्या बांधावरच्या झाडांचं तेल काढून एक डबा माझ्याकडे दिला होता, पलीकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव म्हणून. तो डबा माझ्या कोठीत होता. ते तेल मला खाववलं नाही आणि ओतून टाकायचा धीरही झाला नाही.

ओळखलं म्हणून सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"तेल माझ्या कोठीत आहे, मावशी. चुन्याच्या पोत्यांमागे."

"पाठवलं नाहीस?"

"पाठवायचं कुणाला? लसाद नाही. त्याच दिवशी गेला. मी नावेत होतो त्याच्याबरोबर."

मग मी सगळं सांगितलं, डिझेलचा डबा त्याच्या बाजूनं हलका झाला इथपर्यंत. ती रडली नाही. पिठाकडे बघत होती. पिठात एक मुंगी शिरली होती, ती तिनं बोटानं काढून बाजूला ठेवली.

"मी तुझ्या दारात किती वेळा आले, त्याचं काही आलंय का विचारायला," ती म्हणाली.

तिनं चाळणी बाजूला सारली.

"सहा वर्षं नाही सांगितलंस. मग आज का सांगितलंस? बांधासाठी?"

नाही म्हणावंसं वाटलं. तेल निघालं म्हणून, तुमचं तोंड बघवेना म्हणून, असं काहीतरी. पण मी तिच्या अंगणात आलो होतो तो बांधासाठीच.

"हो," मी म्हणालो.

"जा. तेल घेऊन ये."

मी जाऊन डबा आणला. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलावणं करायला निघाली. तिची काठी दगडांवर वाजत होती, त्यावरून कुठल्या दारात आहे ते कळत होतं. प्रत्येक दारात ती तेच बोलत होती: "माझा मुलगा गेला. सहा वर्षं झाली. परवा त्याच्या बांधावर रगाता आहे, या." बायका गळ्यात पडायला येत होत्या, त्यांना ती हातानंच थांबवत होती, पुढची दारं राहिलीत म्हणून. माझी बायको नजिया दारात उभी होती. काठी आमच्या शेजारच्या दारापर्यंत आली, तिथं थांबली, आणि आमच्या दारावरून पुढे गेली.

नजिया आत आली. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

गावानं मला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त पाण्याची थट्टा बंद झाली. ती किती बरी होती, हे मला तेव्हा कळलं.

रगात्याच्या दिवशी चाळीस माणसं वर चढली. मी पलीकडच्या उतारावर एका खडकाशी जाऊन बसलो. तिथून बांध समोरच दिसतो. बोलावणं नसलेल्याला जवळ जायचं तोंड नसतं. मबारकामावशीनं पहिला दगड ठेवला. ती ओणवी झाली आणि बराच वेळ उठेना, तेव्हा हाजी अम्मारनं हात दिला. मग काम सुरू झालं. माती चढायला लागली, पायांनी तुडवली जायला लागली. सांडव्याच्या दगडांना हात कुणी घालायचा, यावर थोडी कुजबुज झाली. दोनतीन माना माझ्याकडे वळल्या आणि परत फिरल्या. शेवटी मिलूद पुढे झाला.

दगड त्यानं सुरेख बसवले, खोटं कशाला बोलू. पण सांडव्याचा उंबरठा त्यानं बांधाच्या माथ्याच्या जेमतेम चार बोटं खाली ठेवला. जुन्या बांधाला ते पुरतं. ही माती ताजी होती. ताजी माती पहिल्या पावसात वीतभर खाली बसते. मग सांडवा उंच राहतो आणि पाणी दगडावरून जायचं सोडून मातीवरून जातं. एकदा मातीवरून पाणी गेलं की बांध तासभरही टिकत नाही. माझ्या बापानं मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच.

दुपारी सगळे खालच्या अंजिराखाली जेवायला बसले. कुस्कुस तिनं त्याच डब्यातल्या तेलात केलं होतं. तेलाला वास येत होता असं पुढे मिलूदनं मला सांगितलं, पण कुणी ताटात घास ठेवला नाही. ती स्वतः जेवायला न जाता वर दगडांपाशी बसून राहिली होती. मी उतार उतरून तिच्यापाशी गेलो.

"मावशी, ही माती पावसात बसेल. सांडवा हातभर खाली घ्यायला सांगा, नाहीतर बांध जाईल. माझं नाव नका सांगू, तुम्हीच सांगताय असं सांगा."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"झालं सांगून?"

"हो."

"मग जा."

मी गेलो. मिलूद पन्नास पावलांवर बोटं चाटत बसला होता. हाजी अम्मार होता. त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी ऐकलं असतं की नाही, ते पुढचं. मी स्वतःला म्हटलं, मालकिणीला सांगितलंय, माझं काम झालं. असं म्हणून मी घरी येऊन पडलो.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला. दुपारची वेळ होती, आभाळ डोंगराच्या पाठीमागून काळं झालं. पहिला तासभर सगळे दारांत उभे राहून हसत होते. पोरं भिजत होती. घळीतून पाण्याचा आवाज यायला लागला तेव्हा मिलूदनं ओरडून विचारलं, ऐकताय ना, बांध पाणी पितोय. मग पाऊस थोडा ओसरला आणि तरी आवाज वाढला. मला कळलं. मी उठलो नाही. उठून काय करणार होतो. डोंगर कुणीतरी ढकलल्यासारखा एक आवाज झाला, मग लगेच दुसरा, मग तिसरा. नजिया मोजत होती. सहावर ती थांबली.

सातवा बांध टिकला, तो माझ्या बापाच्या हातचा. वरचे सहा गेले, मी त्या उन्हाळ्यात बसवलेल्या पाच सांडव्यांसकट. शंभर-दीडशे वर्षांची माती एका दुपारी खाली वाहून आली आणि वेशीबाहेर पसरली. लसादच्या बांधावरचं एक झाड मुळांसकट मिलूदच्या झाडांवर आडवं पडलं होतं. मिलूदची नऊच्या नऊ झाडं गेली होती. तो त्या चिखलात गुडघाभर उभा होता आणि झाडांना नावानं हाका मारत होता. त्यानं त्यांना नावं ठेवली होती, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

चौथ्या दिवशी चिखल वाळला आणि सगळे मशिदीच्या भिंतीशी जमले. मीही गेलो, कडेला बसलो. आता काय करायचं हे बोलायला जमले होते, पण तसं कधी होत नाही. आधी कुणाचं चुकलं ते निघालं. बांध मधोमध फुटलाय, सांडवा मात्र बसलेल्या मातीच्या वर जसाच्या तसा उभा आहे, हे सगळे बघून आले होते. मग मिलूदवर तुटून पडले. गवंडीकाम येत नाही तर हात कशाला घातलास? गाणी म्हणण्याइतकं सोपं वाटलं का? सहा घरांची झाडं खाल्लीस तू. मिलूद, ज्याच्या तोंडाला एरवी कुणी लागत नाही, तो अंगावरच्या बुरनूस झग्याची टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. मला वाईट वाटलं, येतच नाही तर त्यानं काय करावं, असं.

मी बोलू शकत होतो. मी मावशीला सांगितलं होतं, एवढं म्हटलं असतं तर मिलूद सुटला असता. पण मग तिचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तिचं मी आधीच इतकं घेतलं होतं. मी ठरवलं की ह्या वेळी गप्प बसायचं. आयुष्यात एकदा तरी हे गप्प बसणं चांगल्यासाठी आहे, असं मला वाटलं, आणि थोडं समाधानही वाटलं.

मबारकामावशी बायकांत बसली होती. ती काठी टेकत उठली.

"मिलूदला सोडा," ती म्हणाली. "त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

कुणाला काही कळलं नाही. हाजी अम्मारनं विचारलं, काय माहीत होतं?

"माती बसेल, सांडवा खाली घ्या, असं गासमनं मला सांगितलं होतं. जेवणाच्या वेळी आला होता. तो खरं बोलतोय हे मला तिथंच कळलं. सहा वर्षं हा खोटं बोलताना हसायचा. त्या दिवशी हसला नाही." ती दम घ्यायला थांबली. "पण माझ्या मुलाच्या बांधात ह्याचा शब्द नको होता मला. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. तुमची झाडं माझ्यापायी गेली."

मिलूदनं टोपी मागे सारली होती आणि तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, पण दुसरं काय होतं तेही मला सांगता येणार नाही.

हाजी अम्मार हळू आवाजात म्हणाला, "मबारका, हे कुणाला कधी कळलं नसतं. कशाला सांगितलंस?"

"माहीत असून गप्प बसलेल्या माणसाच्या दारात मी सहा वर्षं जात होते, हाजी," ती म्हणाली. "मला तसं जगायचं नाही."

ती खाली बसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. मी तिथं बसलो होतो, मिलूदपासून पाच हातांवर, आणि त्याला वाचवणारं ते एक वाक्य अजून माझ्या तोंडातच होतं.